नादारीचा अर्ज आणि कास्तकाराची अब्रू

‘दिवाळें’ हा शब्द आमच्या शेतकरी घरांत शिवीसारखा वापरला जातो. पेढीवाल्याचें दिवाळें निघालें म्हणजे तो भरदिवसां दुकानांत दिवा लावून बसे, असें जुनीं माणसें सांगत. आणि व्यापाऱ्याच्या बाबतींत लोक ती गोष्ट चार दिवसांनीं विसरूनही जात. परंतु कास्तकाराचें दिवाळें निघालें असें म्हणावयास कोणी धजत नाहीं. तो ‘अडचणींत’ असतो, ‘ओढाताणींत’ असतो, फार झालें तर ‘यंदा जरा बसलेला’ असतो. शब्द टाळल्यानें कर्ज मात्र टळत नाहीं. ह्या लेखाचा विषय तोच टाळलेला शब्द आहे. वाचकांनीं आरंभींच कपाळास आठ्या घालूं नयेत, इतकी विनंती आहे.

लेखास निमित्त असें घडलें. घाटावरील एका गांवचे एक कास्तकार, चौदा एकर कोरडवाहू जमिनीचे धनी, माझ्याकडे सल्ल्यासाठीं आले. मी महसूल खात्यांत कारकुनी केलेली असल्यामुळें कागद वाचून घेण्यास लोक अजूनही येतात. त्यांच्या पिशवींत सोसायटीची थकबाकीची नोटीस, ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद, कृषि केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या, दोन नातलगांच्या हातउसन्या रकमांचीं टिपणें, आणि एका सावकाराच्या नांवें करून दिलेलें दोन एकरांचें खरेदीखत इतका ऐवज होता. एका दाव्यांत हुकूमनामा होऊन जप्तीचा हुकूमही निघालेला होता. ते म्हणाले, “भाऊसाहेब, वकील म्हणतात, नादारीचा अर्ज करा. मला अर्जाची भीति नाहीं. पण उद्यां पोरीच्या सोयरिकीला पाहुणे आले म्हणजे त्यांना काय सांगूं ?”

ह्या प्रश्नास उत्तर देण्याआधीं कायदा काय आहे तें सांगणें अवश्य आहे. गांवोगांवीं त्याविषयीं दोनच समजुती आढळतात. अर्ज केला कीं सारें कर्ज बुडालें, ही एक. अर्ज केला कीं घरादारावर टाच येऊन मनुष्य उघडा पडला, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत.

मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांकरितां नादारीचा कायदा १९०९ सालीं झाला व इतर मुलखाकरितां प्रांतिक नादारीचा कायदा १९२० सालीं झाला. पुढें २०१६ सालीं नवी नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर झाली. तिच्यांत व्यक्तींच्या दिवाळखोरीचा स्वतंत्र भाग आहे खरा. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्या लोकांपुरता अंमलांत आणला गेला. तेव्हां बुलढाणा जिल्ह्यांतील साध्या कास्तकारास जावयाचें तें शंभर वर्षांहून जुन्या कायद्याच्याच दारीं, आणि तें दार जिल्हा न्यायालयाचें.

कर्जें फेडण्याची ऐपत उरली नसेल, आणि त्याबरोबर कर्ज निदान ५०० रुपयांचें असेल, किंवा हुकूमनाम्यावरून अटक झाली असेल, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम कायम असेल, तर ऋणकोस स्वतः अर्ज करतां येतो. (पांचशें रुपयांत आज कपाशीच्या बियाण्याचें एक पाकीटही येत नाहीं, ह्यावरून कायद्याचें वय ध्यानांत यावें.) अर्जांत प्रत्येक धनकोचें नांव, गांव व रक्कम, आणि आपली प्रत्येक चीजवस्तु व ती कोठें आहे हें लिहावें लागतें, व ती न्यायालयाच्या स्वाधीन करण्यास तयार असल्याचें कळवावें लागतें. तारखेच्या दिवशीं धनकोंच्या समक्ष ऋणकोची उलटतपासणी होते. न्यायालयाची खात्री पटली म्हणजे तो नादार ठरविला जातो, तसें राजपत्रांत प्रसिद्ध होतें, आणि मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हराच्या ताब्यांत जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवांचून कोणाही धनकोस त्याच्यावर नवा दावा लावतां येत नाहीं. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागतां येतो. अटकेच्या बाबतींत एक गोष्ट सांगून ठेवतों. केवळ गरिबीमुळें देऊं न शकणाऱ्या ऋणकोस दिवाणी तुरुंगांत टाकतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं स्वच्छ सांगितलेलें आहे. तरीही तुरुंगाच्या धाकानें शेतकरी कोऱ्या कागदावर सही करतो.

घरादाराचें काय ? दिवाणी कायद्यानें जें जप्त होत नाहीं तें रिसीव्हराकडेही जात नाहीं. शेतकऱ्याचें राहतें घर, शेतीचीं अवजारें, आणि उपजीविकेस अवश्य तितकीं जनावरें व बियाणें ह्यांना हात लागत नाहीं. जमीन मात्र जाते. आणि गहाण जमीन तर नादारीच्याही बाहेर राहते, कारण तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरील हक्क ह्या कायद्यानें मुळींच बाधित होत नाहीं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांत सोसायटीचा बोजा चढलेला असेल, तर नादार ठरल्यानें तो उतरत नाहीं. ट्रॅक्टर बहुधा तारणच असतो. सरकारी देणें सर्वांच्या आधीं वसूल होतें आणि शेवटच्या मुक्तीच्या हुकुमानेंही तें माफ होत नाहीं. हें ज्या वकिलानें आरंभींच सांगितलें नसेल, त्यास आपली फी परत मागावी असें मला वाटतें. पण तो विषय निराळा.

वऱ्हाडच्या वाचकास येथें थोडा इतिहास सांगणें भाग आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. त्या दंग्याच्या पोटीं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा जन्मास आला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांपुरता होता आणि त्यांत शेतकऱ्याच्या नादारीचें एक स्वतंत्र प्रकरणच होतें. पैशाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्यास कैद करूं नये, व स्पष्टपणें गहाण दिलेली नसल्यास त्याची जमीन विकूं नये, असे नियम त्यांत होते. आम्ही मात्र मुंबई इलाख्यांत नव्हतों. निजामाकडून १८५३ सालीं इंग्रजांनीं कारभारास घेतलेला हा मुलूख. येथें रयतवारी आली, जमीन विकतां-गहाण टाकतां येऊं लागली, अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला, १८७० सालीं खामगांवास आगगाडी आली, आणि ह्या भरभराटीच्या पाठोपाठ सावकारही आला. नादारीचा शेतकऱ्यांसाठीं असा खास दरवाजा आम्हांस कधींच मिळाला नाहीं. भाव कोसळल्यावर मध्यप्रांतांत १९३३ सालीं कर्जतडजोडीचा कायदा आला, १९३९ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाडासाठीं कर्जनिवारणाचा कायदा आला, आणि महाराष्ट्रांत १९७५ सालीं लहान शेतकऱ्यांचीं सावकारी कर्जें रद्द करणारा कायदा झाला. ह्यांपैकीं पहिल्या दोहोंचा धागा एकच होता : धनको व ऋणको ह्यांना समोरासमोर बसवून खरें देणें किती तें ठरविणें.

आतां माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नादारीचा अर्ज ज्यास करावयाचा आहे त्यानें त्याआधीं आपलीं कर्जें निवडून पाहिलीं पाहिजेत, आणि चांगल्या वकिलाचा खरा उपयोग येथेंच आहे. आमच्या पाहुण्यांच्या पिशवींतील खरेदीखत घ्या. तें विक्रीचें नव्हतेंच; व्याजाच्या पैशास तारण म्हणून लिहून दिलेलें होतें. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ ह्याप्रमाणें तारण म्हणून पंधरा वर्षांच्या आंत सावकाराच्या ताब्यांत गेलेल्या स्थावराची चौकशी करून तें परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. परवाना नसलेल्या सावकारास न्यायालयांतून हुकूमनामा मिळत नाहीं. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊं नये, ही आमच्या पूर्वजांची दामदुपटीची मर्यादा त्या कायद्यानेंही राखलेली आहे. म्हणजे जें देणें कायद्यानें देणेंच नव्हे, तें आपण होऊन नादारीच्या यादींत खरें म्हणून लिहून देणें हा शुद्ध वेडेपणा. तसेंच, तारणावर थेट ताबा घेण्याचा जो अधिकार बँकांस २००२ च्या कायद्यानें मिळाला आहे तो शेतजमिनीस लागू नाहीं. तरी त्याच्या नांवानें धमकावलेलीं माणसें मीं पाहिलेलीं आहेत.

दुसरी गोष्ट मी कारकुनीच्या अनुभवानें सांगतों. फेरफाराच्या नोंदवह्या चाळतांना मनुष्याच्या अडचणीची तारीख बरोबर सांपडते. जप्तीची नोटीस चैत्रांत लागते आणि वैशाखांत बायकोच्या नांवें बक्षीसपत्र होतें, किंवा भावाभावांत एकाएकीं वाटणी होऊन चांगली काळी जमीन धाकट्याकडे व मुरमाड थोरल्याकडे जाते. गांवांतील सल्लागार ह्यास हुशारी म्हणतात. कायदा काय म्हणतो तें ऐका. असें मोबदल्यावांचून केलेलें हस्तांतर, त्यानंतर दोन वर्षांच्या आंत दाखल झालेल्या अर्जावरून नादारी ठरल्यास, न्यायालय रद्द ठरवूं शकतें. अर्जापूर्वीं तीन महिन्यांत एका धनकोस झुकतें माप देऊन त्याचें देणें फेडलें असेल तर तेंही उलटतें. मालमत्ता लपविणाऱ्यास वर्षापर्यंत कैद होऊं शकते. ज्यानें बायकोच्या नांवें जमीन केली त्याचें घर वांचत नाहीं. उलट खऱ्या अडचणींतला मनुष्य त्या एका कागदामुळें लबाड ठरतो. वकिलापुढें हा कागद झांकून ठेवणारे पुष्कळ. रोग्यानें वैद्यापासून पथ्य लपवावें तसा हा प्रकार.

मुक्तीचा हुकूम हें ह्या सर्वांचें फळ. नादार ठरल्यावर न्यायालयानें नेमून दिलेल्या मुदतींत मुक्तीसाठीं पुन्हा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास नादारी रद्द होऊन सारे धनको पुन्हा मोकळे होतात. कित्येकजण पहिल्या हुकुमावर समाधान मानून घरीं बसतात व येथेंच फसतात. तोंपर्यंत मिळालेली नवी मालमत्ताही रिसीव्हराचीच, आणि नादार असल्याचें न सांगतां पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा. विधानसभेस वा स्थानिक संस्थेस निवडून येण्याचा हक्कही तोंवर बंद. मुक्ति देतांना न्यायालय एक प्रश्न विचारतें : तुमच्या मालमत्तेंतून धनकोंना रुपयास आठ आणे तरी मिळाले काय ? मिळाले नसतील तर पूर्ण मुक्ति नाकारली जाते. मात्र जी परिस्थिति ओढवण्यास तो मनुष्य न्यायतः जबाबदार नाहीं, तीमुळें तसें घडलें हें त्यानें दाखविलें तर गोष्ट निराळी.

ह्या आठ आण्यांपाशीं मी बराच वेळ थांबलों. कारण महसुलांतही आठ आण्यांची एक रेषा आहे. गांवच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांखालीं गेली म्हणजे तें गांव टंचाईचें मानलें जातें. पूर्वीं तिलाच आणेवारी म्हणत. आकाशानें ज्यास आठ आण्यांहून कमी दिलें, त्यानें रुपयास आठ आणे कोठून द्यावे ? म्हणून नादारीच्या अर्जाबरोबर आपल्या गांवची वर्षावर्षांची पैसेवारी, गांव नमुना बाराचे उतारे, पीकविम्याचे व पंचनाम्याचे कागद जोडावेत असें माझें निश्चित मत आहे. न्यायाधीशास ह्या कोरडवाहू मुलखांत पाऊस कसा पडतो हें तोंडी सांगून पटत नाहीं; तहशिलींतील नकलेनें पटूं शकतें. शहरांतील वकिलास हें सुचत नाहीं. कास्तकारानें त्यास सुचवावें.

आतां जामीनदार. ह्याविषयीं मला बोलण्याचा अधिकार आहे, कारण मी स्वतः त्यांत पोळलेलों आहें. एका बालमित्रास एका पतसंस्थेंत मी जामीन राहिलों. त्यानें नादारीचा अर्ज केला आणि मला त्याचा पत्ता लागला तो माझ्या पगारांतून पहिला हप्ता कापला गेला त्या दिवशीं. दोन वर्षें कपात चालली. ऋणको मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाहीं, असें कायद्यांत स्पष्ट आहे. आणि माझा मित्र हें जाणून होता कीं नाहीं तें मीं त्यास कधीं विचारलें नाहीं. त्यानें अर्ज केला ह्याचा मला राग नाहीं. दोन वर्षें ओळीनें सोयाबीन गेलें होतें, त्यानें दुसरें करावें तरी काय ? राग आहे तो न सांगितल्याचा. जामीनदाराचें पुढें होणारें येणेंही नादारींत सिद्ध करतां येतें. त्याचें नांव यादींत असतें व त्यास नोटीस मिळती, तर मालमत्तेंतील चार पैसे त्याच्याही वांट्यास आले असते. आपल्या वाचकांपैकीं किती तरी जण कोणाचे ना कोणाचे जामीन आहेत. अब्रूचा प्रश्न आहे तो येथें आहे, न्यायालयाच्या पायरीवर नव्हे.

कांहीं विचारी मंडळी म्हणतील कीं कर्जमाफी येत असतांना नादारीची उठाठेव कशाला ? २००६ सालीं पंतप्रधानांच्या मदतींत पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. २००८ ची केंद्राची माफी आली, तिच्यांत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी व वरच्यास उरलेली रक्कम भरल्यावर सूट होती. म्हणजे आमचा दहा-बारा एकर कोरडवाहूचा धनी, ज्याचें उत्पन्न दोन एकर बागाइताइतकेंही नाहीं, तो बाहेर राहिला. २०१७ व २०१९ सालीं राज्याच्या योजना आल्या. त्यांचा उपकार मी नाकारीत नाहीं. पण माफी बँकेच्या व सोसायटीच्या कर्जाची होते. सावकार, कृषि केंद्र व सोयरेधायरे ह्यांच्या वह्या तशाच उघड्या राहतात. माफीची वाट पाहत हप्ता न भरणारा मनुष्य त्या वह्यांत आणखी खोल जातो. नादारींत सारे धनको एका ठिकाणीं येतात, आणि मनुष्याची स्थिति कोणत्याही सरासरीवरून न मापतां त्याच्याच कागदांवरून मापली जाते.

कायदा चांगला आहे असें मात्र मी म्हणत नाहीं. तो म्हातारा आहे आणि मंद आहे. नव्या संहितेंतील लहान ऋणकोच्या ‘नव्या आरंभा’ची तरतूद वाचली म्हणजे हंसावें कीं रडावें कळत नाहीं : वर्षाचें उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आंत, मालमत्ता २०,००० च्या आंत, कर्ज ३५,००० च्या आंत, आणि स्वतःचें घर नसावें ! घर नसलेला कास्तकार कोठें शोधावा ? उद्यां तो भाग सर्वांस लागू झाला तरी जमीनधारकास त्याचा स्पर्श होणार नाहीं. शेतकऱ्यास पाहिजे तो १८७९ सारखा वेगळा अध्याय : पोटापुरती जमीन जप्तींतून वगळणारा, आठ आण्यांचा हिशेब पैसेवारीशीं जोडणारा, आणि तालुक्याच्या ठिकाणीं निकाल देणारा. आपल्या संस्थेनें असा ठराव करून आमदार-खासदारांकडे धाडावा अशी माझी सूचना आहे. तोंपर्यंत जुन्याच कायद्यांतील एक सोय वापरण्यासारखी आहे व ती फारशी कोणी वापरीत नाहीं. नादार ठरल्यावर ऋणकोनें तडजोडीची योजना मांडली, आणि संख्येनें बहुसंख्य व रकमेनें तीन चतुर्थांश धनकोंनीं ती मानली, तर न्यायालयाच्या मंजुरीनें ती सर्वांवर बंधनकारक होते. एखादा अडून बसलेला सावकार मग साऱ्यांना वेठीस धरूं शकत नाहीं.

वकिलाच्या खर्चाविषयीं. अर्ज करणाऱ्याजवळ पैसा नाहीं हें उघडच आहे. जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यास त्याची समिति आहे. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, आपत्तिग्रस्त आणि ठराविक उत्पन्नाच्या आंतील माणसें ह्यांना १९८७ च्या कायद्यानें फुकट वकील मिळतो. स्वतः वकील करावयाचा तर दिवाणी काम करणारा पाहावा, फी लिहून घ्यावी, आणि पहिल्याच भेटींत साऱ्या चिठ्ठ्या त्याच्यापुढें ओताव्या. जो वकील धनकोंची यादी न मागतांच “काळजी करूं नका” म्हणतो, त्याची काळजी करावी.

आमचे पाहुणे त्या दिवशीं सायंकाळपर्यंत बसले. आम्हीं कागदांचे तीन ढीग केले : तारणाचे, विनातारणाचे, आणि खरेदीखतासारखे संशयाचे. तिसऱ्या ढिगासाठीं त्यांनीं आधीं निबंधकांच्या कचेरींत तक्रार दिली. सोसायटीचे त्यांचे दोन जामीनदार एकाच गांवचे, एक सख्खा मावसभाऊ. पुढल्या रविवारीं त्या दोघांना घरीं बोलावून त्यांनीं सारें सांगितलें. मावसभाऊ जेवण न करतां उठून गेला. दुसरा बसला, आणि म्हणाला कीं वकिलाकडे जातांना मलाही बरोबर घ्या, माझें नांव यादींत कसें लिहितात तें मला पाहावयाचें आहे. अर्ज दाखल झाला तेव्हां तो न्यायालयांत हजर होता. सोयरिकीचे पाहुणे अजून यावयाचे आहेत. त्यांना काय सांगावयाचें तें, ते म्हणतात, आतां मुलीनेंच ठरविलें आहे : आहे तें सांगावयाचें.